'तिकीट', 'फूट' आणि इंग्रजीतले ह्रस्व-दीर्घ

फेब्रुवारी 2023 मध्ये, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, पिंपळगाव बसवंतजवळच्या ज्या पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीच्या कागदपत्रांचे काम पाहते, तेथून मी रॉटरडॅमच्या खरेदीदाराच्या कचेरीत एक साधा फोन केला. कंटेनर भरण्यापूर्वीच्या शेवटच्या तपासणीत दोन पॅलेटवरच्या पेट्यांचे वजन ठरल्यापेक्षा थोडे कमी भरले होते आणि त्या पेट्या पुन्हा भरून घ्यायला अर्धा दिवस लागणार होता, एवढेच मला कळवायचे होते. दोन पॅलेटमध्ये 'वेट'ची अडचण आहे, असे मी इंग्रजीत सांगितले आणि पलीकडच्या बाईंचा आवाज एकदम बदलला. पेट्या कोठे ठेवल्या होत्या, प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे माल आधी गार करून घेण्यात, काय बिघडले, बाकीच्या पॅलेटची काय स्थिती आहे, फोटो लगेच पाठवता येतील का, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. मी गोंधळून तोच शब्द पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक मोठ्याने उच्चारत राहिले. अखेर ईमेल लिहिला, तेव्हा उलगडा झाला. मला 'वजन' म्हणायचे होते आणि त्यांना प्रत्येक वेळी 'ओले' ऐकू येत होते. तीन-साडेतीन आठवड्यांच्या समुद्रप्रवासाला निघणारी पेटी ओली असेल, तर घडाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्यामुळे त्यांचे घाबरणे अगदी रास्त होते.

नुकसान काहीच झाले नाही, पण ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. 'वजन' या अर्थाचा आणि 'ओले' या अर्थाचा, असे ते दोन्ही शब्द मी देवनागरीत लिहून पाहिले. दोन्ही 'वेट'च होते. मग शब्दकोशाच्या संकेतस्थळावर त्यांचे उच्चार ऐकले आणि तेथे मला खरा धक्का बसला, कारण ते मला सारखेच ऐकू आले. जो भेद आपल्या जिभेला जमत नाही, तो आपल्या कानालाही कळत नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. माझे शिक्षण निफाड तालुक्यातील एका मराठी शाळेत झाले आहे आणि इंग्रजी वाचण्या-लिहिण्यात मला अडचण नाही. तरीही निम्मी चूक तोंडाची आणि निम्मी कानाची असेल, तर ती एकटीने सुधारणे कठीण होते.

याच सुमारास माझ्या तिसरीतल्या मुलाने घरी एक नवीन गोष्ट आणली. त्याच्या शाळेत इंग्रजी वाचन ध्वनींवरून शिकवतात. तो म्हणाला की 'हॅट' या शब्दाच्या शेवटी 'ई' हे अक्षर जोडले की मधला 'ए' लाँग होतो आणि शब्द 'हेट' असा वाचायचा. मी त्याला समजावले, "अरे, लाँग म्हणजे दीर्घ. अ चा दीर्घ आ होतो, ए कसा होईल?" तो ठामपणे म्हणाला, "आई, लाँग ए म्हणजे ए चं नावच." त्याचे खरे होते आणि माझेही खोटे नव्हते, परंतु दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे मला आठ वर्षांच्या मुलाला सांगता आले नाही.

हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, मी माझ्या मावशीच्या ओळखीतल्या एका बाईंकडे जाऊ लागले. त्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहतात. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी इंदिरानगरहून दुचाकीने त्यांच्याकडे जात असे. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच शिकवले नाही. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि एकेक इंग्रजी शब्द म्हणू लागल्या. शब्द 'जहाज' आहे की 'मेंढी', 'भरलेले' आहे की 'मूर्ख', 'चाचणी' आहे की 'चव', हे मी कागदावर मराठीत लिहायचे होते. वीसपैकी माझे अकरा बरोबर आले. "नाणे उडवून लिहिलं असतंस तरी दहा आले असते," असे त्या शांतपणे म्हणाल्या, आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण अगं, हे तुझं अज्ञान नाही. तुझं मराठी पक्कं आहे, म्हणून असं होतं."

हे सांत्वन नव्हते. पुढच्या दोन तासांत त्यांनी ते सिद्ध करून दाखवले, आणि या सबंध प्रवासातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे.

बाईंनी मला 'मीठ', 'दूध', 'पीठ' हे शब्द लिहायला सांगितले आणि मग त्यांनाच प्रत्यय लावायला सांगितले. मी 'मिठात', 'दुधात', 'पिठात' असे लिहिले. शुद्धलेखनाचा हा नियम आपण शाळेत पाठ करतो. तत्सम शब्द सोडले, तर अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार किंवा उकार दीर्घ असतो, आणि प्रत्यय लागून तो उपान्त्य राहिला नाही की ह्रस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये केलेल्या आणि 1972 मध्ये चार नियमांची भर पडून अठरा झालेल्या नियमांत तो आहे. पण बाईंचे म्हणणे असे होते की हा नियम कोणी कागदावर बसून तयार केला नाही, तो आधी आपल्या जिभेत होता. त्याला पुरावा म्हणून त्यांनी आपण इंग्रजीतून घेतलेले शब्द माझ्यापुढे ठेवले. 'तिकीट' या शब्दाच्या मूळ इंग्रजी उच्चारात दोन्ही स्वर ह्रस्व आहेत. मराठीने पहिला ह्रस्व ठेवला आणि दुसरा दीर्घ केला, आणि 'तिकिटाला' म्हणताना तोही पुन्हा ह्रस्व केला. 'बिस्कीट' आणि 'पाकीट' यांचेही तसेच झाले. बारा इंचांचा 'फूट' आणि अडकवायचा 'हूक' हे दोन्ही शब्द इंग्रजीत ह्रस्व आहेत, आपण मात्र ते दीर्घ उच्चारतो, आणि 'फुटाने', 'हुकाला' म्हणताना आपोआप ह्रस्व करतो. शंभर-दीडशे वर्षांत असंख्य मराठी माणसांनी, एकमेकांना न विचारता, हे शब्द एकाच पद्धतीने वळवून घेतले आहेत.

मग त्या म्हणाल्या, "आता तुझ्या ऑफिसातला शब्द घे. 'शिपमेंट' म्हण." मी म्हटले. तो बरोबर होता. "आता नुसतं जहाज." मी म्हटले आणि या वेळी माझे मलाच ऐकू आले की मी 'शीप', म्हणजे मेंढी, म्हणाले होते. 'शिपमेंट'मध्ये इकार मागे राहतो, म्हणून मराठी जीभ त्याला ह्रस्व राहू देते. नुसत्या 'शिप'मध्ये तोच इकार शेवटच्या व्यंजनाच्या लगत येतो, आणि 'मीठ', 'पीठ' या शब्दांचा नियम त्याला दीर्घ करतो. 'फिलिंग' मी नीट म्हणत असे, पण 'भरा' या अर्थाचा शब्द एकटा आला की तो 'वाटणे' या अर्थाचा 'फील' होत असे. आमच्या पॅकहाऊसमधले सगळेच असे बोलतात. इतकी वर्षे मी याला खेड्यातल्या शाळेची खूण समजत आले होते. ती मराठीच्या व्याकरणाची खूण निघाली, हे समजल्यावर मला जे बरे वाटले, ते शब्दांत सांगणे अवघड आहे.

आता इकार आखूड करायचा, एवढेच काम उरले आहे, असे मला वाटले. पुढचे दोन रविवार मी तेच केले. 'शीप' पटकन म्हणायचे की 'शिप' झाले, अशी माझी समजूत होती. दोन्ही रविवारी बाईंनी मान हलवली. जहाज आणि मेंढी यांच्यातला फरक मुळात लांबीचा नाहीच, हे त्यांनी ज्या रीतीने समजावले, ती मी विसरणार नाही.

"'कर' म्हण," त्या म्हणाल्या. "आता त्यातला अ लांबव. आणखी लांबव. श्वास संपेपर्यंत लांबव." मी 'कऽऽऽर' असे म्हणत राहिले. "झाला 'कार'?" तो झाला नव्हता. आपण लांबच्या माणसाला 'अगंऽऽ' म्हणून हाक मारतो, तेव्हा अ कितीही ताणला तरी त्याचा आ होत नाही, कारण आ म्हणताना जबडा आणखी खाली येतो आणि जिभेची जागा बदलते. व्याकरणात अ आणि आ ही ह्रस्व-दीर्घाची जोडी आहे, पण कोणताही मराठी माणूस ती घड्याळ लावून ओळखत नाही. ते दोन वेगळे स्वर म्हणूनच आपल्या कानांवर येतात. मराठीतल्या इ आणि ई यांचे तसे नाही. तेथे जिभेची जागा जवळजवळ एकच असते आणि फरक मुख्यतः वेळेचा असतो. इंग्रजीतली जहाज आणि मेंढी ही जोडी मात्र आपल्या इ-ई सारखी नसून अ-आ सारखी आहे.

'ह्रस्व' आणि 'दीर्घ' या शब्दांनीच आपली दिशाभूल होते, असे मला तेव्हापासून वाटते. आपल्या परंपरेत हे शब्द काळाचे माप सांगतात. ह्रस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन आणि प्लुताच्या तीन, हा हिशेब पाणिनीच्या सूत्रापासून चालत आला आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने 'शॉर्ट' आणि 'लाँग' असे म्हटले की आपण भाबडेपणाने हेच माप तेथे लावतो. बाईंनी आपल्या कपाटातून इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्या इंग्रजी उच्चारकोशाची एक जुनी प्रत काढून दाखवली. हा कोश प्रथम 1917 मध्ये निघाला. त्यात जहाज आणि मेंढी या दोन्ही शब्दांच्या स्वराला एकच चिन्ह होते, फक्त दीर्घापुढे दोन टिंबे दिलेली होती. 1977 च्या चौदाव्या आवृत्तीत संपादक गिम्सन यांनी दोघांना निरनिराळी चिन्हे दिली, तेव्हा कोठे स्वराचा निराळेपणा त्या कोशाच्या पानावर दिसू लागला. "मी स्वतः जुन्या चिन्हांवर शिकले आणि कित्येक वर्षं मुलांना फक्त 'आखूड म्हणा' एवढंच सांगितलं," असे बाई म्हणाल्या. त्या बोलण्यात त्यांना झालेला त्रास मला जाणवला.

प्रत्यक्ष सरावाची रीत साधी होती. 'सीट' म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात. ते सैल सोडायचे, जीभ किंचित खाली आणि मागे घ्यायची, 'सेट'च्या दिशेने निघायचे आणि अर्ध्या वाटेवर थांबायचे. तेथे जो स्वर निघतो, तो 'बसा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा. तो आपल्या इ आणि ए यांच्या मधला आहे. उकाराचेही असेच आहे. 'भरलेले' या अर्थाच्या शब्दातला स्वर उ आणि ओ यांच्या मध्ये येतो आणि तेथे ओठांचा चंबू करायचा नसतो. मी रोज सकाळी देवघराशेजारच्या आरशापुढे दहा मिनिटे उभी राहत असे. सुरुवातीला मला तो स्वर कोठे सापडतो तेच समजत नव्हते. एखाद्या वेळी तो नेमका लागे आणि पुढच्याच शब्दाला हरवे.

ज्या शब्दामुळे हे सगळे सुरू झाले, त्याची पाळी जुलैत आली. ए आणि ओ यांना संस्कृतात ह्रस्व रूप नाही, ते दीर्घच असतात. मराठीतही त्यांना वेगळी ह्रस्व अक्षरे नाहीत. शेजारच्या कन्नडमध्ये मात्र ए आणि ओ यांची ह्रस्व आणि दीर्घ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत. त्यामुळे 'ओले' आणि 'वजन', 'चाचणी' आणि 'चव', 'मिरी' आणि 'कागद' या इंग्रजी जोड्यांना आपण एकच ए वापरतो. नाशिक परिसरात हे फार ऐकू येते, कारण येथे वाइनरी पुष्कळ आहेत आणि वाइनची चव घ्यायला आलेल्या पाहुण्यांना 'टेस्टिंग'साठी बोलावले जाते, ते परदेशी माणसाला चाचणीचे बोलावणे वाटू शकते. येथेही उपाय मराठीतच सापडला. 'वजन' या अर्थाच्या शब्दातला स्वर एकसंध नसून तो ए पासून निघून इ कडे सरकतो. जुन्या कवितेतले 'देई', 'घेई' हे शब्द ओळीने म्हणायचे आणि तोच एइ एका झटक्यात 'व' आणि 'ट' यांच्या मध्ये बसवायचा. 'ओले' या अर्थाच्या शब्दात उलट जबडा जरा खाली सोडायचा आणि स्वर जागचा हलू द्यायचा नाही. तो ए आणि ॲ यांच्या मधला आहे. मी पहिले काही दिवस जबडा इतका खाली नेला की 'पलंग'च्या जागी 'वाईट' ऐकू येऊ लागले. 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ ही अक्षरे मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आली, ही चांगली सोय झाली, पण ए आणि ॲ यांच्या मधल्या या स्वराला आपल्याकडे चिन्ह नाही, म्हणून तो डोळ्यांनी शिकता येत नाही. तो कानानेच धरावा लागतो.

लांबीविषयीची माझी शेवटची समजूत ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या एका मोफत संगणक प्रणालीने मोडली. तिचे नाव 'प्रात', आणि डच भाषेत त्याचा अर्थ 'बोल'. आपला आवाज ध्वनिमुद्रित केला की त्यातला प्रत्येक स्वर किती वेळ टिकला, हे तीत पडद्यावर मोजता येते. मी शब्दकोशातले उच्चार तीत घालून पाहिले. 'आसन' या अर्थाचा 'सीट' आणि 'बी' या अर्थाचा 'सीड' या दोन्ही शब्दांत स्वर दीर्घ आहे, पण 'सीट'मधला स्वर 'सीड'मधल्यापेक्षा स्पष्टच आखूड निघाला. बाईंनी कारण सांगितले. शेवटी 'ट'सारखे कठोर व्यंजन आले की इंग्रजी भाषक आधीचा स्वर आवरता घेतात आणि 'ड'सारखे मृदू व्यंजन आले की तो लांबू देतात. त्यामुळे कठोर व्यंजनाआधीचा दीर्घ स्वर कित्येकदा मृदू व्यंजनाआधीच्या ह्रस्व स्वराएवढाच वेळ घेतो, आणि तरीही इंग्रजी कान गोंधळत नाही, कारण तो लांबीबरोबर स्वराचा रंगही ऐकतो. डच लोकांचेही असेच आहे. त्यांच्या भाषेत 'मासा' आणि 'घाणेरडा' हे शब्द याच इकारांच्या भेदाने वेगळे होतात. रॉटरडॅमच्या बाईंचे कान अशा भेदांवर लहानपणापासूनच तयार झालेले होते.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही याच दिवसांत मिळाले आणि ते मला अतिशय आवडले. सुमारे 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक आपल्या जागा सोडून वर सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घटनेला 'महान स्वरांतर' अशा अर्थाचे नाव दिले. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, तेव्हा हे सरकणे चालूच होते. छपाईने लेखन हळूहळू जागच्या जागी थिजवले आणि उच्चार पुढे निघून गेले. आज आपण 'नेम' म्हणतो तो इंग्रजी शब्द त्याआधी जवळजवळ 'नाऽम' असा उच्चारला जात होता आणि शेवटचा 'ई' मुका नसून तोही हलकेच ऐकू येत असे. तो शब्द आपल्या 'नाम'चा दूरचा भाऊबंदच आहे. म्हणजे इंग्रजीतला लाँग ए हा कोणे एके काळी खरोखर दीर्घ आ होता. स्वर बदलला, नाव तेवढे राहिले. मी मुलाला हे सांगितले, तेव्हा तो वहीवर 'नाम' आणि 'नेम' शेजारी शेजारी लिहून बराच वेळ पाहत बसला.

ऑक्टोबरपर्यंत माझे वीसपैकी सतरा-अठरा बरोबर येऊ लागले. प्रगती सरळ रेषेत झाली नाही. ऑगस्टमध्ये तर जे येत होते तेही बिघडले, कारण मी प्रत्येक इकाराचा विचार करू लागले आणि बोलणे अडखळू लागले. बाईंनी तेव्हा सुटे शब्द थांबवले आणि माझ्या कामातली वाक्येच सरावाला घेतली. कंटेनर कधी निघणार, किती पेट्या भरल्या, निव्वळ वजन किती, मण्याचा आकार किती मिलिमीटर, अशी सुमारे चाळीस वाक्ये मी रोज गाडीवर जाता-येता मोठ्याने म्हणत असे. मला उपयोग झाला तो या वाक्यांचा. सुटा शब्द आरशापुढे येतो, पण फोनवर वाक्यच बोलावे लागते.

पॅकहाऊसमध्ये आम्ही आपसात अजूनही 'फूट', 'हूक', 'तिकीट' असेच म्हणतो आणि मी ते कोणाला दुरुस्त करत नाही. ते मराठी शब्द आहेत आणि मराठीच्या नियमाने चालतात. परदेशी फोन घेणाऱ्या दोन नव्या मुलींना मात्र मी जेवणाच्या सुट्टीत पाठ करून बसवते आणि जहाज की मेंढी, ओले की वजन, असे विचारते. त्यांतल्या एकीचे पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ आले आणि तिचा चेहरा उतरला. मी तिच्यापुढे कागद सरकवला आणि 'मीठ' या शब्दाला प्रत्यय लावायला सांगितले.

2024 च्या हंगामात वजनाचाच एक फोन पुन्हा करावा लागला. मी तो शब्द उच्चारला आणि पलीकडून लगेच प्रश्न आला, "किती ग्रॅम कमी?" 'खेचा' आणि 'तलाव' या अर्थांची इंग्रजी जोडी मला आजही घाईत जमत नाही. गेल्या रविवारी त्यात वीसपैकी चौदा आले.